संत्र्यांची साखर वजा करून

काकांची साखर जास्त निघाली. पण ते अजून कुणालाच माहीत नाही असं धरून चालू, कारण लॅबच्या बाकावर बसलेल्या काकांनी रिपोर्ट वाचला आणि दंडावरची चिकटपट्टी काढून तिने रिपोर्टचं पाकीट पुन्हा बंद केलं. शेजारच्या प्लंबरने ते पाहिलं, पण तो आपला कापूस दाबत राहिला. तेवढ्यात काकू आल्या.

“पाकिटाला चिकटपट्टी कशाला?”

“त्यालाही टोचलं असेल.”

“आणा इकडे.”

“आधी सांग, तीन महिन्यांत मी साखरेच्या डब्याला हात लावला?”

“नाही. रोज आठ संत्र्यांचा रस तेवढा प्यायलात.”

“ती झाडाने घातलेली साखर. ती धरत नाहीत.”

“हे रक्ताला कोण सांगणार?”

“डॉक्टरच म्हणाले, फळं खा.”

“एक संत्रं म्हणाले, तेही चावून. तुम्ही आठांचा चोथा टाकून देता.”

“चावायचा त्रास वाचतो.”

“तो त्रासच औषध होता. आकडा वाढला असेल, तर ज्यूसर आजच माझ्या बहिणीकडे जाईल.”

“तिच्याकडे? ती बटाट्याचा रस काढेल गं.”

“काढू दे. अहो प्लंबरदादा, तुम्हीच सांगा यांना.”

“टाकी भरली की वाहते, काका. पाणी विहिरीचं असो की नळाचं.”

“पेन आहे का तुमच्याकडे?”

पेन होतं. काकांनी पाकिटाच्या पाठीवर लिहिलं:

‘माननीय प्रयोगशाळाप्रमुख, माझ्या रक्तातील संत्र्यांची साखर वजा करून सुधारित रिपोर्ट आजच, ज्यूसर घराबाहेर पडण्यापूर्वी, देण्यात यावा, ही नम्र विनंती.’