बाईंच्या यादीतले सोळा

भाऊ : नाही म्हणजे नाही. शुक्रवारी ताईचा सत्कार होऊ दे, मग ये आणि काय ते दाखव.

संशोधिका : शुक्रवारनंतर उपयोग नाही हो भाऊ. पाच मिनिटं बाईंना भेटते आणि जाते.

भाऊ : तुम्हा आकाशवाल्यांची पाच मिनिटं मला चांगली ठाऊक आहेत. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली मी, पण ती पाच मिनिटं कुठल्या घड्याळात मावतात ते काही सापडलं नाही. ताईच्या ऑपरेशनला तीनच आठवडे झालेत. छातीचं हाड अजून जुळून यायचंय. तिला अजिबात चिडवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

संशोधिका : मी चिडवायला आलेले नाही.

भाऊ : मग ही एवढी जाड फाइल कशाला? आजाऱ्याला भेटायला येताना माणसं फुलं आणतात.

बाई : (आतल्या खोलीतून) अरे, दारात कुणाशी हुज्जत घालतोयस? आवाज ओळखलाय मी. सोड तिला आत.

भाऊ : झोपली होतीस ना तू?

बाई : सकाळी अकराला कोण झोपतं? ये गं. खुर्चीवरची औषधं खाली ठेव आणि बस. तोंड का उतरलंय तुझं?

संशोधिका : बाई, तुमच्या यादीबद्दल बोलायचंय.

भाऊ : बावन्न क्वेसारांच्या? ती तर मला तोंडपाठ आहे. फार लांबच्या दीर्घिका, त्यांचे धगधगते गाभे, आणि त्यातले काही हिशेबाबाहेर उष्णता फेकतात हे जगात पहिल्यांदा आमच्या ताईने मोजून दाखवलं. शुक्रवारच्या पत्रिकेवर छापलंय तसं.

संशोधिका : तेच चुकलंय. सगळं नाही. बावन्नातले एकोणीस.

भाऊ : झालं! म्हणून मी दारात उभा होतो.

बाई : तू गप्प बस. कुठले एकोणीस?

संशोधिका : यात खुणा केल्यात. त्या एकोणीस ठिकाणची जास्तीची उष्णता क्वेसारची नाहीच, बाई. आपल्या आणि क्वेसारच्या मध्ये, बरोबर त्याच दिशेला, दुसरी एक दीर्घिका उभी आहे. पुष्कळ जवळची. तिच्यातली धूळ तापते आणि अवरक्त प्रकाश सोडते. तुमच्या उपकरणात दोन्ही एकत्र पडलं आणि सगळं श्रेय क्वेसारला गेलं.

भाऊ : जरा माणसांच्या भाषेत बोल.

संशोधिका : लांब टेकडीवर मोठी आग लागलीय असं धरा. अलीकडे, वाटेतच, कुणीतरी शेकोटी पेटवलीय. तुम्ही डोळे मिटून नुसता तळहात पुढे धरलाय. ऊब किती लागते?

भाऊ : दोन्हींची मिळून लागेल. हाताला काय कळणार कुठली कुणाची?

संशोधिका : बाईंचं उपकरण म्हणजे तो तळहात. तेव्हा कुणाकडेच त्याहून चांगलं नव्हतं. आता दुर्बिणीला डोळे मिळालेत, एवढाच फरक.

बाई : शेकोटी बिकोटी त्याला सांग. मला पुरावा दाखव. चष्मा कुठेय माझा?

भाऊ : ताई, डॉक्टर काय म्हणाले?

बाई : चिडायचं नाही म्हणाले. वाचायचं नाही असं म्हणाले नाहीत. हां, दाखव. धूळ मधल्या दीर्घिकेतलीच कशावरून? क्वेसारच्या स्वतःच्या घरातली का नाही?

संशोधिका : हा वर्णपट बघा. धुळीच्या कणांचा हा उंचवटा. क्वेसारच्या अंतरावरून आला असता तर तो इथे, पार उजवीकडे सरकायला हवा होता. तो आलाय इथे, मधल्या दीर्घिकेच्या अंतराला जिथे यायला हवा बरोबर तिथे. शिवाय उष्णतेचा मध्य क्वेसारवर नाही, बाजूला आहे.

बाई : एकोणीसच्या एकोणीस ठिकाणी?

संशोधिका : सोळा ठिकाणी दोन्ही पुरावे आहेत. तीन ठिकाणी फक्त मध्य बाजूला आहे. उंचवटा नीट दिसत नाही.

बाई : किती बाजूला?

संशोधिका : पाव सेकंद.

भाऊ : सेकंद?

संशोधिका : कोनाचा सेकंद, भाऊ. घड्याळाचा नाही.

बाई : पाव सेकंद! आणि चित्राच्या कडेला हा डाग दिसतोय तो कुणाचा? हा कोण पाहुणा आलाय?

संशोधिका : तो... पलीकडची कुठली तरी दीर्घिका असेल. फिकट आहे तशी.

बाई : फिकट असली तरी मध्य ओढायला पुरेशी आहे. तू तिला वजा केलीस?

संशोधिका : नाही.

बाई : या तिन्ही चित्रांत असा कुणी ना कुणी आहे. बघ, इथे. आणि इथे. आठ महिने बघत होतीस ना?

संशोधिका : अकरा.

बाई : अकरा महिन्यांत दिसलं नाही?

संशोधिका : नाही दिसलं. हे तीन मी सोडते.

बाई : मग बाकीच्यांवर तरी कसा विश्वास ठेवू? हा सातवा घे. हा बाविसावा. त्यांचे उंचवटे काही फार डोळ्यांत भरण्यासारखे नाहीत. तेरा म्हण.

संशोधिका : सोळा.

बाई : चौदा. वादापुरते.

भाऊ : भाजी घेताय का तुम्ही दोघी?

संशोधिका : सोळा, बाई. सातवा मी तीनदा मोजलाय, तीन वेगळ्या पद्धतींनी. बाविसाव्यासाठी दुसऱ्या दुर्बिणीवरून वर्णपट मागवला. जिथे चुकले तिथे एका शब्दात सोडलं ना मी? पण हे सोळा कुणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही. तुमच्याही नाही.

भाऊ : पोरी, जीभ सांभाळ. हिच्या हाताखाली शिकलीस तू. राहायला जागा नव्हती तेव्हा चार महिने याच घरात राहिलीस. माझ्या हातचं जेवलीस.

संशोधिका : म्हणून तर आधी इथे आले, भाऊ. बाईंना हे बाहेरून कळलं असतं तर मला स्वतःचं तोंड बघवलं नसतं.

बाई : बाहेरून म्हणजे? शुक्रवारी अकराला तुझं व्याख्यान आहेच ना? पत्रिकेत वाचलंय मी.

संशोधिका : होतं. काल काढून टाकलं. संचालक म्हणाले, बाईंचं हृदय आणि संस्थेचं नाव, दोन्ही जपायला हवं. निबंध वर्षभर बाहेर काढायचा नाही. आणि पुढच्या महिन्यात माझा करार वाढवायचाय, त्यावर सही त्यांचीच लागते, ही आठवणही करून दिली.

बाई : माझं हृदय? त्याला कुणी सांगितलं माझ्या हृदयाचं?

भाऊ : मी.

बाई : काय?

भाऊ : परवा फोन आला होता त्याचा, तुझी चौकशी करायला. बोलता बोलता म्हणाला, एक मुलगी तुमच्या ताईंच्या कामातली चूक काढून बसलीय, आणि तेही सत्काराच्या दिवशीच सांगणार आहे. मीच म्हटलं, साहेब, काही करा पण तिला थांबवा.

बाई : मला न विचारता?

भाऊ : तुला काय विचारायचं? ऑपरेशनच्या खोलीबाहेर सहा तास मी बसलो होतो, ताई. तू नव्हतीस. तू आत होतीस. मला तुझी यादी नकोय, तू हवीयस.

बाई : कळतंय रे मला. पण तू काय केलंस ते तुला कळलंय का? डोंगरावरच्या दुर्बिणीसाठी मी अर्ज करायचे ते आठवतं?

भाऊ : आठवतं की. लेक एकटी डोंगरावर जाणार म्हणून अप्पांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

बाई : खालच्या दुर्बिणीवर पहिली मोजणी केली तेव्हाच काही आकडे मला खटकले होते. सगळे नाही, पण सात-आठ तरी. तेव्हा मी दुसऱ्या मोजणीसाठी वर वेळ मागितला.

संशोधिका : हे तुम्ही कधीच बोलला नाहीत.

बाई : कशी बोलणार? तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा उत्तर एकच. वर बायकांसाठी वेगळी खोली नाही, रस्ता वाईट आहे, तुमच्या सुरक्षिततेसाठीच नाही म्हणतोय. अप्पा तेच म्हणाले. माझे सर तेच म्हणाले. कुणीही वाईट नव्हतं गं. सगळे माझी काळजीच करत होते.

भाऊ : ताई...

बाई : चौथा अर्ज भरून तयार होता. टपालात टाकलाच नाही. म्हटलं, जाऊ दे, बावन्न आकडे आहेत, छापून टाकू. छापले. नाव झालं. मोजताना मी चुकले नव्हते. मी मागायचं सोडलं, तिथे चुकले. आणि आज तू हिच्याशी तेच करतोयस, माझी काळजी म्हणून.

भाऊ : मला हे कुठे ठाऊक होतं?

बाई : आता झालं ना? अगं, ऐक. शुक्रवारी मला बोलायला चाळीस मिनिटं दिलीत. त्यातली वीस तू घे.

संशोधिका : नको.

बाई : नको?

संशोधिका : तुमच्या वेळातला तुकडा घेऊन बोलले तर लोक म्हणतील, बाईंनी मोठ्या मनाने पोरीला माफ केलं. मी काही गुन्हा केलेला नाही. मला माझी अकराची वेळ दिलेली होती, तीच परत हवी. नाही मिळाली तर सभागृहाच्या बाहेर व्हरांड्यात चित्रं लावीन आणि येईल त्याला समजावून सांगीन.

भाऊ : आणि करार?

संशोधिका : शाळेत शिकवीन. शिकवण्या घेईन. तेवढ्यासाठी सोळाचे शून्य नाही करणार मी.

बाई : बघतोयस काय माझ्याकडे? फोन आण.

भाऊ : आवाज चढवणार नसशील तरच देतो.

बाई : दे इकडे. हॅलो. हो, मीच. बरी आहे, आधी ऐका. शुक्रवारचं अकराचं व्याख्यान पत्रिकेत होतं तसं परत ठेवा. हो, वाचलाय मी. आत्ताच वाचला. नाही, सोळा. तीन मी पाडले. मला वाईट वाटेल की नाही, ते मी आणि माझे डॉक्टर बघू. नाही, साहेब, नाव झाकून टिकत नाही, बुरशी येते त्याला. ठीक आहे, मग मी येत नाही. हार खुर्चीला घाला आणि फोटो काढा. धमकी नाही, निरोप देतेय. हो, थांबते.

भाऊ : ताई, श्वास घे.

बाई : घेतेय. हॅलो? बरं. पंधरा तर पंधरा. लेखी पाठवा, आजच. ठेवते.

संशोधिका : पंधरा मिनिटं?

बाई : अकराला. कराराचं मात्र काही बोलला नाही. मी पुन्हा विचारू का?

संशोधिका : नको, बाई. ते माझं मी बघते.

भाऊ : पोरी, मला... म्हणजे मी तो फोन...

संशोधिका : भाऊ, असू दे. पण पुढच्या वेळी मला दारात अडवू नका.

भाऊ : अडवणार. चहा घेतल्याशिवाय बाहेर सोडणार नाही. बस.

संशोधिका : आज खरंच नको. पंधरा मिनिटांत बसवायचं म्हणजे सगळं नव्याने लिहायला हवं. आणि ते तीन काढायचेत. बाई, शुक्रवारी तुम्ही...

बाई : पहिल्या रांगेत असेन. आणि सातव्याबद्दल हात वर करीन. सगळ्यांसमोर विचारीन, आणि अडखळलीस तर दया दाखवणार नाही.

संशोधिका : नका दाखवू. उत्तर तयार ठेवते.

बाई : जा आता. फाइल राहू दे इथेच.

भाऊ : गेली. जिना कशी उतरतेय बघ, दोन-दोन पायऱ्या.

बाई : हं.

भाऊ : तुझ्या डोळ्यांत पाणी आहे, ताई.

बाई : आहे. बत्तीस वर्षं होती ती यादी. असू दे थोडा वेळ. तू खुर्ची जरा खिडकीकडे सरकव, आकडे बारीक आहेत.