फुमिएबाईंनी सतरावं दुकान का घेतलं

मंडळी, कीर्तनकाराचे कान फार वाईट! मघाशी पूर्वरंग संपवून खांबामागे पाणी प्यायला गेले, तर अगदी कानाशी कुणीतरी पुटपुटलं, "दुपारची आमटी नुसती खारट होती बाई! तीन तांबे पाणी झालं." दुसरी म्हणाली, "हळू! ऐकतील." घाबरू नका, नावं सांगत नाही!

पण आता मला एक सांगा. आपल्या माणसाचं चुकतंय, आणि त्याला दुखवायचं नाही म्हणून आपण गप्प बसलो — तर ती माया की दगा? बोला! मला स्वतःला नक्की ठाऊक नाही. मी कुठल्या पाठशाळेत शिकले नाही, ऐकून ऐकून उभी राहिले. तेव्हा शोधत शोधतच जाऊ. आज मारुतीरायाचा उत्सव. त्यानं समुद्र ओलांडला, आपणही जरा ओलांडू — थेट जपान!

हसताय काय? माझी भाची तिथं ओसाका शहरात नोकरीला आहे, तिनं सांगितलेली गोष्ट.

त्या ओसाकात एक फुमिएबाई. वय अठ्ठ्याहत्तर, कंबर वाकलेली, पण चवीला अशी पक्की की आचारी थरथरायचे! तरुणपणी नवऱ्याबरोबर बारा खुर्च्यांचं शेवयांचं दुकान काढलं. शेवया म्हणजे आपली खीर नव्हे हो! जाड शेवया, गरम सुपातल्या, सुर्रर्र आवाज करत ओढायच्या. तिथं आवाज केला तर आचारी खूश! आपल्याकडे ताक भुरकलं तरी सासू वळून बघते. आणि सूप कशाचं? समुद्रातल्या शेवाळाचं, वाळवलेल्या माशाचं... अहो, नाकं मुरडू नका, गोष्टीतल्या मासळीनं उत्सव बाटत नाही!

नवरा गेला. मुलगा काझुओ हाताशी आला. आणि बाई दुसऱ्यांची दुकानं विकत घ्यायला लागल्या. कुणाला वारस नाही, कुणाला झेपत नाही — बाई हजर! बाहेरचा भागीदार एक नाही, कारभार सगळा घरातला. आणि घरची रीत अशी, की कागद मुलानं बघायचे, पण घ्यायचं की नाही ते बाईंनी सूप चाखून ठरवायचं.

चार वर्षांत सोळा दुकानं! प्रत्येक ठिकाणी बाई डोळे मिटून घोट घ्यायच्या. म्हणायच्या, "जवळ आलंय. मीठ वाढवा, जमेल." दुकान घ्यायच्या. महिन्यानं पुन्हा चाखायच्या — "छे! हेही बिघडलं." की निघाल्या पुढच्या दुकानाला!

आचारी पार गोंधळले. मीठ वाढवावं तर गिऱ्हाईक पाणी मागतं, कमी करावं तर मालकीणबाई भडकतात. एकानं तर दोन पातेली ठेवली, एक गिऱ्हाइकांचं, एक बाईंचं! काझुओला कळेना, आईला या वयात एवढी हाव कशाची. सुनेला कळेना, सकाळच्या वाटीत सासूबाई आणखी मीठ टाकतात ते बघायचं की नाही. सांगताना मलाही गोंधळल्यासारखं होतं! सगळ्यांना एक गोष्ट लख्ख दिसत होती, आणि नेमकी तीच कुणी बोलत नव्हतं.

मग आलं सतरावं दुकान. कियोबाईंचं. एकटी बाई, चाळीस वर्षं एकच सूप रांधलेलं. गुडघे गेले म्हणून दुकान विकायला काढलं, पण अट घातली, "सूप आहे तसंच राहील." तेवढंच तर उरलं होतं हो तिचं!

फुमिएबाई आल्या. बसल्या. घोट घेतला. "जवळ आलंय. मीठ वाढवा."

"वाढवू, आई!" काझुओ घाईघाईनं म्हणाला.

"नाही वाढवायचं," कियो म्हणाली.

काझुओ तिच्या कानाशी लागला. "अहो, नुसतं हो म्हणा! ती गेली की काय हवं ते करा."

बघा! पुन्हा दोन पातेली! आणि खरं सांगा, हो म्हणण्यात काय गेलं असतं? दुकान खपलं असतं, सूप वाचलं असतं, म्हातारी खूश! मी असते तर हो म्हटलं असतं.

कियो दुखरे गुडघे धरत समोर बसली. "फुमिएसान," — 'सान' म्हणजे आपलं 'बाई' — "सूप बरोबर आहे. तुमची चव गेलीय."

नेनेकाका, पेटी थांबवा जरा.

फुमिएबाईंनी मुलाकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"चार वर्षं झाली, आई."

"आणि बोलला नाहीस?"

"तुझ्या जिभेवर सगळं घर उभं. कसा बोलू?"

"अरे," म्हातारी म्हणाली, "मला वाटलं, जगातलीच चव चाललीय. तुझ्या बाबांच्या सुपासारखं एक तरी कुठं उरलं असेल... म्हणून घेत सुटले रे दुकानं!"

ऐकलंत? हाव नव्हती ती! सोळा दारं हिंडली बिचारी, आणि हवं होतं एक वाक्य. तेही घरातल्यानं नाही दिलं, परकीनं दिलं!

मग फुमिएबाईंनी वाटी पुन्हा उचलली. "कियो, तूच सांग. कसं लागतंय?" कियो सांगत गेली, ती पीत गेली. दुकान घेतलं. सूप आहे तसंच राहिलं.

चला, या आता जपानहून परत! दुपारी आमटी मी दोनदा घेतली. "काय झालीय हो, काकू!" असंही म्हटलं. मग मागे जाऊन तांब्याभर पाणी प्याले. मी कसला उपदेश करणार? पण या देवळाची आमटी पंचवीस वर्षं एकहाती करणाऱ्या प्रमिलाकाकू त्या बघा, समईजवळ बसल्यात. मघापासून त्यांचा वाती वळणारा हात थांबलाय. एकेकाच्या तोंडाकडे बघतायत. आता खाली काय बघता सगळे? बोला की कुणीतरी!

...काय म्हणताय, नेनेकाका? तुम्ही तर त्यांचे यजमान. भाता मिटा तो, आणि मोठ्यानं बोला. त्यांना ऐकू जाऊ दे.

"प्रमिला... आमटी खारट होती गं. गेल्या वर्षीही होती."