राजा जेवत नाही

(अयुथया. पावसाळा सरत आलेला, सकाळची वेळ. राजदफ्तरातला लेखनिक थेप नुकताच घरी परतला आहे. त्याची बायको फुआंग, तरुण राजाची दूधआई, विडे लावते आहे.)

फुआंग : पुन्हा म्हणा.

थेप : काय?

फुआंग : आत्ता विचारलंत ते.

थेप : तो जेवला का, एवढंच विचारलं.

फुआंग : तो?

थेप : बरं, महाराजांनी आरोगलं का. झालं?

फुआंग : नाही झालं. अभिषेकाच्या दिवशी मी महाराजांना लाडानं ‘माझं नोय झोपलंय’ म्हणाले, तर केवढं तोंडसुख घेतलंत. राजा झोपत नाही, पहुडतो. राजा जेवत नाही, आरोगतो. सोळाच दिवस झालेत त्याला. दफ्तरात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाची जीभ आजच कशी घसरली?

थेप : वय झालं.

फुआंग : सकाळपासून काय लिहीत होतात?

थेप : हळू बोल. दाराशी महाराजांच्या काकासाहेबांची माणसं आहेत.

फुआंग : आपल्या दाराशी? कशाला?

थेप : मी कुठं जाऊ नये म्हणून.

फुआंग : अहो, काय ते सांगून टाका.

थेप : उद्याच्या दवंडीचा मजकूर माझ्याकडून लिहून घेतला. ‘महाराज’ खोडून ‘राजपुत्र’ करायला लावलं. ‘राज्य केलं’ नाही, ‘वाड्यात राहिला’. आणि शेवटी ‘स्वर्गारोहण’ नाही. ‘वारला’.

फुआंग : वारला? मघाशी चिंचेच्या सारातला मासा नको म्हणून रुसून बसला होता तो.

थेप : दुपारी विहारात भिक्खूंना चीवरदान आहे ना, तिथून नावेनं परतताना. राजवंशाचं रक्त भुईवर सांडू नये, म्हणून मखमली पिशवी शिवून झाली. तिच्यात घालून मारायला चंदनाचा सोटाही तासून ठेवलाय.

फुआंग : आणि तुम्ही मुकाट लिहून आलात.

थेप : भ्यालो गं. दुसरं काही नाही.

फुआंग : विहारातच दीक्षा घेतली तर? चीवरं नावेत असणारच. भिक्खूवर हात टाकायला काकासाहेबही कचरतील.

थेप : आणि मुंडण कोण करणार? राजाच्या मस्तकाला हात लावणाऱ्याचा जीव जातो. विहारातही कुणी धजणार नाही.

फुआंग : तुमच्या मजकुरावर शिक्का बसला?

थेप : बसला.

फुआंग : म्हणजे कागदोपत्री तो राजा नाही.

थेप : नाही. कधीच नव्हता, असं लिहिलंय.

फुआंग : मग मस्तक कुणाचं? माझ्या नोयचं डोकं आहे ते. पाच वर्षं मीच न्हाऊ घातलंय.

थेप : तुला नावेपर्यंत जाऊ देतील?

फुआंग : विड्यांचं तबक रोज माझ्याच हातात असतं. तुमचा वस्तरा द्या, पानांखाली मावेल.

थेप : त्याला धार नाही.

फुआंग : मग लावा. नीट लावा. कानामागे त्याला लगेच लागतं.