विमानातला पलंग

(नागपूर विमानतळावरून बाभुळगावला निघालेली गाडी कळंबला चहासाठी थांबली आहे. तानाबाई आणि शेजारीण हुस्नाबी टोरंटोत नर्स असलेल्या आपापल्या लेकींकडून परतल्या आहेत. तानाबाईचे यजमान पुंडलिकराव त्यांना आणायला गेले होते.)

तानाबाई : खुर्ची नोतीच जी थे. पलंग होता.

पुंडलिकराव : विमानात पलंग. चा पे आधी, झोप झाली नाई तुही.

हुस्नाबी : कसमसे, भाऊ. हे तानाबाई पुढं पलंगावर, आन् मी मांगं.

पुंडलिकराव : सुरवातीपासून सांगा.

तानाबाई : जातानी दोन मजल्याचं विमान होतं. माडीवर पैशेवाले, खाली आमी. पर खुर्ची चांगली रुंद. आन् इंजिनाचा आवाज एवढा कमी, का हुस्नाबी घोरली त सारे वळून पायत.

हुस्नाबी : मी नाई घोरत. माहा श्वास मोठा हाय.

तानाबाई : येतानीचं विमान नवं होतं. खिडकी ही एवढी मोठी, आन् पडदाच नाई. बटन दाबलं का काच निळी होत जाते. हिनं एवढ्या खेपा दाबलं का विमानातली चा-पाणी देणारी पोरगी येऊन म्हणे, आजी, बस झालं.

हुस्नाबी : दुपारची संध्याकाळ होत होती, भाऊ, माह्या बोटानं. कोण सोडन?

पुंडलिकराव : मंग चांगलंच की हे नवं.

तानाबाई : हवा चांगली, गळा सुकला नाई. पर खुर्च्या अरुंद. खिडकीले हुस्नाबी, मधात मी, तिकडून एक जाडा माणूस. तिघायचे हात सहा, टेकाले जागा चार. त्यात माही खुर्ची मोडकी. जराशी टेकली, त माही वेणी मांगच्या बाईच्या भातात.

हुस्नाबी : थे बाई बी हासे आन् हे बी हासे. भात कोणी खाल्लाच नाई.

तानाबाई : मंग थे पोरगी म्हणे, आजी, पुढं चला. पुढं एकेकाले आपली आपली खोलीच समजा. एक बटन दाबलं का पाय वर, दुसरं दाबलं का खुर्ची सपाट. मी निजली, उठली, पुन्हा निजली. बाजूचा साहेब पेपरात तोंड लपवून हासे.

हुस्नाबी : आन् अर्ध्या वाटेत हे वापस. दुलई काखेत मारून.

पुंडलिकराव : काहून? उठवलं का तुले?

तानाबाई : कोण उठवते? विमान हलाले लागलं, राळेगावच्या एस्टीवाणी. मले वाटलं हुस्नाबी भेली असन.

हुस्नाबी : मी त खीर खाऊन राह्यलती. हे आली, त्या माणसाले म्हणे सरका दादा, आन् माहा हात असा धरला का चमचा खाली. म्हणे, भेऊ नको, मी हाय. बोटं इचेच थंडगार.

तानाबाई : थंडी होती तिथं.

हुस्नाबी : काखेत दुलई होती न तुह्या.

पुंडलिकराव : हलणं थांबल्यावर त जायचं होतं वापस. कोणाले भेटते असा पलंग?

तानाबाई : बोलावलं त्या पोरीनं. नाई गेली. मोडक्या खुर्चीत टेकल्याबिगर बसली. तिथं पुढं बाजूले कोणी कूस पालटली तरी समजत नाई, जी. झोप कशी लागन?

हुस्नाबी : भाऊ, चा थंडा होऊन राह्यला तुमचा.

पुंडलिकराव : आपली अर्पिता माही बी टिकिट काढत होती. मीच म्हणलं, कपाशी हाय, जमत नाई.

तानाबाई : मंग आता काय झालं?

पुंडलिकराव : काई नाई. घरचा पलंग लय मोठा झालता.