किटोला पलीकडच्या राज्यात नेलं तेव्हा

मी मूळची फलटणची. वडील उसाचा ट्रॅक्टर चालवायचे, त्यांच्या मांडीवर बसून मी स्टिअरिंग धरलेलं, त्यामुळे गाडीची भीती कधी नव्हतीच. लग्न करून मेलबर्नला आले, नवरा इथंच युनिव्हर्सिटीत शिकलेला, शहराच्या कडेला ट्रुगानिनाला घर घेतलं, आधी मी वेअरहाऊसमध्ये पॅकिंग करायचे, मग ट्रकचं लायसन्स काढलं. आपल्या बायका विचारायच्या, अगं, ट्रक चालवतेस? म्हटलं, हो, आणि रिव्हर्सपण घेते.

तर काय सांगू तुम्हाला, लॉकडाऊनमध्ये आमच्या ट्रकच्या कंपनीकडे काम आलं, एक जिराफ शेजारच्या राज्यातल्या झूमध्ये पोचवायचा. किटो त्याचं नाव, वयात येत असलेला नर, गुडघ्याखाली एक ठिपका नाही, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. त्याला सांभाळणारी केरी म्हणून बाई होती, पन्नाशीची, ती सांगायची, ही न्युबियन जात, आफ्रिकेत जंगलं तुटली, लढाया झाल्या, मांसासाठी मारले, असं करत संपतच आलेली. मग युगांडाच्या लोकांनी काही जिराफ ट्रकमध्ये घालून, फेरीबोटीतून नाईल नदी पार करून नव्या रानात सोडले, तिथं त्यांना पिल्लं झाली. ट्रकमधून? मी विचारलं. ट्रकमधूनच, ती म्हणाली. तेव्हापासून मला ते काम आपलंच वाटायला लागलं.

आता अडचण बघा. पलीकडच्या कळपातला नर म्हातारा होऊन गेलेला, परदेशातून नवा आणता येत नाही, आणि इथं लॉकडाऊन संपेना. आमचं निघणं सारखं पुढं जायचं. लॉकडाऊन वाढायचा, तसा किटोही वाढायचा. अजून थोडा उंच झाला असता तर त्याची पेटी पुलांखालून गेलीच नसती, मग राहिला असता एकटा इथंच.

शेवटी परवानगी आली. पुढच्या गाडीत केरी, मागे मी. राज्याच्या हद्दीवर पोलिसानं अडवलं, काय आहे मागे, मेट? म्हटलं, जिराफ. तो हसला, मग वर बघितलं तर किटो त्याच्याकडेच बघत होता. मला म्हणाला, नो वरीज, जा तू. पण केरीच्या टेस्टचा रिपोर्ट आलाच नव्हता, तिला काही सोडेनात. गाडी थांबलेली, किटो आत लाथा मारतोय, अख्खा ट्रक हलतोय. केरी म्हणाली, थांबू नकोस, पलीकडची माणसं वाटेत भेटतील तुला, फक्त त्याला खाली बसू देऊ नकोस, बसला तर उठणं अवघड, बोलत राहा त्याच्याशी.

मग काय, एकटीच निघाले. पेटीत कॅमेरा होता, स्पीकर होता, केबिनमधून मी आपली मराठीत बोलतेय. आणि एका वळणानंतर बघते तर त्याचे पुढचे गुडघे वाकायला लागलेले. गाडी बाजूला घेतली, पेटीला हात लावला, म्हटलं, ए राजा, नको रे बसू. माझी आई तिकडं दवाखान्यात ऑक्सिजनवर आहे, विमानं बंद, मला जाता येत नाही, तू तरी पोच रे बाबा. किती वेळ बोलले कुणास ठाऊक. हळूहळू पाय सरळ झाले, मान वर गेली, आणि पाला ओढून खायला लागला. मी तिथंच रस्त्याकडेला बसून रडले, मोठ्यानं रडले.

पुढं त्यांची माणसं भेटली, संध्याकाळच्या आत तो पेटीतून उतरला. आईपण घरी आली हो, अशक्त झाली, पण आली.

आता तिकडं किटोला एक मुलगी झालीय. रस्ते उघडल्यावर केरी, मी आणि माझी लेक इरा बघून आलो. इरा म्हणाली, आई, शी इज ऑलरेडी टॉलर दॅन यू. केरी नुसती डोळे पुसत हसत होती. आई अजून फोनवर विचारते, तुझा तो उंट कसा आहे? मी म्हणते, अगं आई, उंट नाही, जिराफ. ती म्हणते, तेच गं ते, खातोय ना नीट? खातोय म्हटलं की म्हणते, मग सुखी राहू दे बिचाऱ्याला.