दोन थापा

न्हाई हो पुनम म्याडम, शिकारीचं असं येगळं गाणं-बिणं काई नसते, तुमाला नांदेडात कोण सांगितलं? — जरा इकडं सरका, उन्हात बसल्या तुमी — हलगी असायची, ती बी फक्त येशीपस्तोर. पाडव्याच्या आधी, झुंजूमुंजू व्हायच्या येळेला मारुतीपुढं नारळ फुटला की मी पुढं, माह्या मागं बंदुकीवाले, त्यायच्या मागं हाकारे आन् कुत्रे. असा कडकडाट करायचो की म्हातारे-कोतारे बी अंथरूण सोडून दारात यायचे. तेच वाजवून दावलं न आत्ता, आलं न मशीनमधी? पाहिलं न, आधी जाळावर कसं तापवून घेतलं? थंड हलगी बोलत न्हाई म्याडम, ओलं पोतं बडवल्यावानी नुसतं डबडब करते, दहा पावलावरच्या माणसाला आयकू जात न्हाई. — ते ठकठक? ते भुजंगराव हाईत, परसात लाकडं फोडून राहिलेत. येऊ द्या मशीनमधी, बिघडत न्हाई काई. थांबा म्हणलं तरी ते थांबत न्हाईत.

तर खरी मजा हलगीत न्हाईच. खरी मजा येशीच्या पुढं — हलगी बंद झाल्यावर. येस वलांडली की तोंडाला कुलूप. खोकला आला तर टावेल तोंडात कोंबायचा, कुत्र्यायची तोंडं दस्ती-रुमालानं बांधायची. हाकारे लांबून फिरून नाल्याच्या पल्याड जायचे, बंदुकीवाले अल्याड दबा धरून, कोणी कोणाला दिसायचं न्हाई, आन् मधल्या खडकावर मी एकटा. का? — तर दोन्ही अंगाचं रान तिथूनच दिसते. कायदा एकच होता, माह्या आज्याच्या वक्तापासून. हलगी गप हाय तव्हर रान मोकळं, डुक्कर निघालं की चालवा बंदूक. आन् दोन थापा पडल्या — धाड, धाड — म्हंजे माणूस हाय, ढोर हाय, बंदुका खाली. कोण मोठा, कोण ल्हान, तिथं काई चालत न्हाई. पाटील असला तरी बंदूक खाली. गावात आमाला ओसरीवर बी चढू न देणारे लोकं, पण त्या खडकावर माह्या गप बसण्यावर त्यायचं बोट चालायचं.

आन् ती शांतता... कसं सांगू तुमाला. नाल्याचं पाणी तर आयकू येतेच, पण मोहाचं फूल गळते न झाडावरून, त्याचा आवाज येते हो — टप. मंग लई येळ काई न्हाई. मंग दुसरं — टप. आपलाच जीव आपल्या कानात आयकू येते. बजरंग पाटील म्हणायचे, मसाजी, डुकराच्या मटणापरीस हे गोड लागते बघ. खरं होतं ते. लोकं मटणासाठी येत न्हवते, हरभरा राखायला बी न्हाई, ते नुसतं नाव. सगळे त्या घटकाभरासाठी यायचे. मी तर वरीसभर तेवढ्याची वाट पाहायचो. आता बंदी हाय, मला मालूम हाय, तव्हा बी होतीच. पण आठ वर्षं झाले, कोणी गेलं न्हाई. गावात कोणी नाव बी काढत न्हाई.

का म्हंजे? — तुमाला खालच्या आळीत सांगितलं असंल की. न्हाई सांगितलं? माही बायको गेली न त्यात. सिंधु. मोह येचायला गेली होती नाल्यात, वाकलेली होती, आन् भुजंगरावाची गोळी लागली. जागच्या जागी. — हाव, हेच भुजंगराव, परसातले. घाबरू नका. पंधरा एकराचे मालक हाईत. गोळी लागली तसे बंदूक फेकून तिच्यापाशी बसले ते उठलेच न्हाईत, पोलीस येईपस्तोर. मीच केलं म्हणले. दोन वर्षं आत काढून आले. सुटले त्या दिशी घरी गेले न्हाईत, पहिले इथं आले, कुऱ्हाड कुठं हाय म्हणले. तव्हापासून सहा वर्षं, रोज, पाऊस असो का ऊन — लाकडं फोडायचे, पाणी भरायचं, अंगण झाडायचं. माह्या घरी ग्यास हाय म्याडम, ही पाहा टाकी. लाकडं आढ्याला टेकले, वाळवी लागली त्यायला. तरी फोडून राहिले.  

थापा? मारल्या होत्या की. दोन मारल्या, सगळ्या गावानं आयकल्या. भुजंगरावालाच न्हाई आयकू आल्या. नशीब म्हणायचं, दुसरं काय. जबानीत बी तेच लिवलं. आन् म्हणून तर — हे तुमाला सांगतो, छापू नका कुठं — दिवस मावळायच्या आधी, घरी जाताना, ते इथं उंबऱ्याच्या बाहेर उभे राहतात. म्हणतात, मसाजीमामा, कशा मारल्या होत्या, दाव एकदा. मी काढतो हलगी, जाळावर तापवून घेतो. धाड, धाड. ते डोळे मिटून आयकतात. मंग म्हणतात, इतकं साफ आयकू येते मामा, मंग त्या दिशी का न्हाई आलं? आन् रडतात. पंधरा एकराचा माणूस, माह्या दारात. रोज. मी हलगी खुटीला अडकवतो आन् भाकर थापायला बसतो.

सिंधु गेली त्याच्या आदल्या वर्षी एक झालं होतं. मी दोन थापा मारल्या, सगळ्या बंदुका खाली, आन् झुडपातून काय निघालं — पाटलाचंच वासरू. ढोर तर ढोर, कायद्यानं बराबर होतं की न्हाई? पण मागून डुक्कर निघून गेलं आन् बजरंग पाटलानं खडकावर चढून माह्या कानाखाली वाजवली. म्हणले, वासरासाठी शिकार मोडतोस? इतकी चांगली पडली होती शांतता! सगळे हासले. भुजंगराव न्हाई हासले. त्यायनं बिडी दिली मला. तर माणसाच्या मनात ऱ्हाते न मंग — नक्की पाहिल्याबिगर हात उचलायचा न्हाई म्हणून. ऱ्हाते की न्हाई?

तापवायची? घरीच तापवायची, रानात जाळ कसा करता, धुराच्या वासानं डुक्कर दहा कोस पळंल. पहाटं सिंधु चूल पेटवायची, तिच्यावरच ती हलगी तापवून द्यायची, कापडात गुंडाळून, ल्हान्या लेकरावानी. माह्यापरीस तिला नेमकं कळायचं कव्हा बास. त्या दिशी मी उठलो तर चूल थंड. ती अंधारातच टोपली घेऊन मोहाला गेली होती, लवकर गेलं तर ढोरायच्या आधी फुलं भेटतात. मंग मी तशीच घेतली हलगी आन् निघालो, येशीपस्तोर बी नीट वाजंना, बजरंग पाटील म्हणले, आज काय मेली काय रे तुही हलगी —

असं काय पाहून राहिल्या?

हाव. थंड होती. तुमी शिकेल माणसं, लगेच धरता. आठ वर्षांत गावात एकानं बी न्हाई इचारलं. मी खडकावरून पळत खाली आलो, तिच्या टोपलीतले फुलं सांडलेले पाहिले, आन् माह्या तोंडातून पहिलं काय निघालं? — सिंधु न्हाई. ‘मी दोन थापा मारल्या होत्या!’ बजरंग पाटील माह्याकडं पाहून म्हणले, हाव, मी बी आयकल्या. मंग सगळ्यायनीच आयकल्या. पार पल्याडच्या हाकाऱ्यायनी बी आयकल्या, थंड हलगीच्या. खरं बोलणारा एकच निघाला, मला न्हाई आयकू आल्या म्हणणारा. तोच आत गेला.

न्हाई मारल्या मी. एक बी न्हाई. झुडपात हिरवं हाललं. पानाचं हिरवं न्हवतं ते, लुगड्याचं होतं. चूल थंड होती म्हंजे ती रानात हाय, एवढं तर मला ठाऊक होतं न — पण म्हणलं, ती रेल्वेच्या अंगाला गेली असंल. दोन दम गेले असतील, तीन. हलगी थंड असली म्हणून काय, तोंड होतं न मला? वरडता येत न्हवतं? लई दिवस मनाला सांगितलं, ती पाटलाची थापड आडवी आली म्हणून. खोटं हाय. ते बी खोटंच हाय म्याडम. ती शांतता अशी पडली होती त्या दिशी, जलमात तशी पडली न्हवती. एक फूल गळालं. टप. म्हणलं, दुसरं गळू दे. तेवढं आयकू आन् मंग वरडू. तेवढंच. एका फुलापायी मी माही बायको —

न्हाई, हळू कशाला बोलू? भुजंगरावाला न्हाई आयकू जात. बंदुकीनं कान जड झालेत त्यायचे, सगळं गाव म्हणते. जड झालेत म्हणून तर थापा... आता थापा तर मारल्याच न्हाईत म्हणलो न मी. मंग कान जड कशानं?

म्याडम. कुऱ्हाड कव्हा थांबली?

तुमच्या मशीनमधी कळंल न, कुठवर होती ठकठक? न्हाई — नका लावू. आयका. काईच न्हाई. पान बी न्हाई हालत. भुजंगराव? ओ भुजंगराव, लाकडं झाले काय?

उठा तुमी. चा राहू द्या. समोरच्या दारानं जा, परसाकडं पाहू नका, किनवटची गाडी चुकंल तुमची. न्हाई, मला कुठं जायचं न्हाई. काई बोलू नका आता. जा म्हणलं न.