सॉल्सबरीतलं ‘अहो’

अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवे गावातल्या मैत्रिणी मला विचारतात, “नवऱ्याला अजून ‘अहो’च काय म्हणतेस गं?” त्याचं कारण विलायतेतल्या सॉल्सबरीत आहे.

लग्नानंतर अमेरिकेला येताना वाटेत आम्ही तिथलं कॅथीड्रल बघायला गेलो. ट्रेनमध्ये हे म्हणाले, “आता ‘अहो’ बंद. अमेरिकेत नावानेच हाक मारायची.” मी मान डोलावली.

आत रंगीत काचांमधून फरशीवर निळा उजेड सांडला होता. त्यात माझे पायही निळे झाले. मी ते बघत किती वेळ उभी राहिले कोण जाणे. मान वर केली तर हे गायब! पासपोर्ट, तिकिटं सगळं यांच्याच खिशात, आणि संध्याकाळी विमान.

तिथल्या एका आजींनी विचारलं, “नवऱ्याचं नाव काय?”

नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथेच लाजलं. शेवटी मी जीव एकवटून हाक मारली, “अहो!”

वरच्या कमानी म्हणाल्या, “हो... हो... हो...”

“किती गोड नाव!” आजी म्हणाल्या.

कॅमेऱ्याचा रोल बदलायला गेलेले हे खांबामागून धावत आले. त्यानंतर यांनी नावाचा हट्ट सोडला.

पण पहिल्या हाकेला ‘हो’ म्हणणारं अजून तरी ते कॅथीड्रलच.